तक्रारीला आधी नंबर द्या: कुलगुरू, प्राचार्य आणि तक्रार निवारण समित्यांना खुलं पत्र

सन्माननीय कुलगुरू, कुलसचिव, प्राचार्य आणि विद्यार्थी तक्रार निवारण समित्यांच्या सगळ्या सदस्यांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका कॉलेजला नाहीये, महाराष्ट्रातल्या सगळ्याच विद्यापीठांना आणि त्यांच्या संलग्न कॉलेजेसना आहे. माझं शिक्षण संपलंय, पण ओळखीतली मुलं-मुली अजून फोन करतात, ताई अर्ज कसा लिहू, कोणाच्या नावानं लिहू, प्रिन्सिपलना देऊ का डायरेक्ट विद्यापीठात जाऊ, आणि त्या अर्जांचं पुढं काय होतं हे मी जवळून बघत आलेय. माझी मागणी एकच आहे आणि तिला बजेट लागत नाही, नवीन पोस्ट भरावी लागत नाही. विद्यार्थी तक्रार घेऊन आला की ती घ्या, तिच्यावर तारीख टाका, आवक नंबर द्या आणि शिक्का मारलेली पोच त्याच्या हातात ठेवा. तक्रार खरी का खोटी, मोठी का किरकोळ, ते नंतर ठरवा.

इतक्या छोट्या गोष्टीसाठी खुलं पत्र कशाला असं वाटेल तुम्हाला. म्हणून आधी नियम काय सांगतो ते बघू.

११ एप्रिल २०२३ ला युजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे नवीन नियम काढले, २०१९ च्या जुन्या नियमांच्या जागी. त्यात प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिचे अध्यक्ष प्रोफेसर हवेत, चार प्राध्यापक सदस्य हवेत आणि एक विद्यार्थी विशेष निमंत्रित म्हणून हवा. अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक जण महिला आणि किमान एक जण एससी, एसटी किंवा ओबीसी प्रवर्गातला असला पाहिजे. ऑनलाईन पोर्टल करायला संस्थांना तीन महिने दिले होते. पोर्टलवर तक्रार आली की संस्थेनं १५ दिवसांच्या आत आपलं म्हणणं जोडून ती समितीकडे पाठवायची. समितीनं शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची कॉपी विद्यार्थ्याला पण द्यायची. निर्णय पटला नाही तर विद्यार्थी तो मिळाल्यापासून १५ दिवसांत लोकपालांकडे, म्हणजे विद्यार्थ्यांची अपिलं ऐकायला विद्यापीठानं नेमलेल्या व्यक्तीकडे, अपील करू शकतो, आणि लोकपालांनी ते ३० दिवसांत निकाली काढायचंय.

आता हे सगळे दिवस मोजायचे कधीपासून? तक्रार 'मिळाल्यापासून'. आणि ती मिळाली हे ऑफिसनं लिहूनच दिलं नाही तर पहिला दिवस कधी उजाडतच नाही. पंधरा दिवस सुरू होत नाहीत, समितीला उशीर झाला असं कोणाला म्हणता येत नाही, निर्णयच आलेला नाही म्हणून अपीलही करता येत नाही. म्हणजे इतका विचार करून केलेली यंत्रणा आवक-जावकच्या टेबलापाशी येऊन थांबते.

तिथं काय होतं ते लिहिते, कारण कुलगुरूंच्या केबिनमधून ते टेबल दिसत नाही. मुलगा दोन कॉप्या घेऊन येतो. त्याला सांगतात आधी एचओडींचं, म्हणजे विभागप्रमुखांचं, फॉरवर्डिंग आणा. एचओडी म्हणतात हे एक्झामचं मॅटर आहे, माझ्याकडे कशाला आलास. एक्झाम सेक्शनला साहेब मीटिंगमध्ये असतात. चार वाजले की खिडकी बंद. दुसऱ्या दिवशी कोणीतरी समजावतं की अरे लेखी नको देऊस, तोंडी सांग, काम होऊन जाईल, लेखी दिलं की उगाच वाढतं. आणि मुलगा खूश होऊन परत जातो की चला सरांनी ऐकलं. तीन आठवड्यांनी विचारायला गेला तर ते सर रजेवर किंवा त्यांची बदली झालेली, आणि आपण आलो होतो याचा एकही कागद त्याच्याकडे नसतो. फॉर्मची तारीख मात्र निघून गेलेली असते.

मी त्या क्लार्कला दोष देत नाहीये. एका खिडकीवर शेकडो मुलं, परीक्षेचे फॉर्म, बोनाफाईड, स्कॉलरशिप, एलसी सगळं एकाच माणसाकडे, आणि त्याला वरून कोणी कधी सांगितलेलंच नसतं की तक्रार नाकारायचा अधिकार तुला नाही. हे सांगायचं काम तुमचं आहे. कुलसचिवांच्या सहीचं एका पानाचं परिपत्रक पुरेसं आहे: विद्यार्थ्याचा कुठलाही लेखी अर्ज परत पाठवायचा नाही, विभाग चुकीचा असेल तर तो घेऊन आपणच योग्य ठिकाणी पाठवायचा, पोच त्याच दिवशी द्यायची.

एका मुलीचं सांगते, तिनं परवानगी दिलीय फक्त नाव-गाव नको म्हणाली. शेवटच्या सेमिस्टरला एका विषयात इंटर्नलला गैरहजर दाखवलं. तिनं टेस्ट दिली होती, सबमिशन केलं होतं, सरांनी जर्नलवर सही केलेली होती. मार्क पोर्टलवर चढवताना राहिले, बस इतकंच झालं होतं, कोणाचा वाईट हेतू नव्हता. ही चूक दुरुस्त करायला एक पत्र आणि एक सही लागते. पण कॉलेज म्हणालं आता लिंक बंद झाली विद्यापीठाकडे जा, विद्यापीठ म्हणालं कॉलेजकडून पत्र आणा, कॉलेज म्हणालं पत्र पाठवलंय, कुठल्या जावक नंबरनं ते कोणी सांगेना. पदवीचा निकाल राखीव, पुढचं अ‍ॅडमिशन प्रोव्हिजनल, तेही रद्द झालं. तिच्याकडे जर पहिल्या दिवसाची पोच असती तर ती समितीकडे, तिथून लोकपालांकडे जाऊन म्हणू शकली असती की बघा, मी मुदतीत सांगितलं होतं. तिच्याकडे होते फक्त कॉल लॉग. वर्ष गेलं तिचं.

असंच स्कॉलरशिपचं. राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर फॉर्म भरला, तो कॉलेजच्या लॉगिनला जाऊन पडला, कॉलेजनं पुढं पाठवलाच नाही, आणि विद्यार्थ्याला स्क्रीनवर नुसतं 'पेंडिंग' दिसतंय. त्याला कळणार कसं की अडकलंय कुठं. स्कॉलरशिप न मिळणं किंवा तिला उशीर होणं ही २०२३ च्या नियमांत सरळ सरळ तक्रार म्हणून धरलीय, पण हे त्या मुलाला माहीत नसतं आणि बऱ्याचदा समितीलाही नसतं! तक्रार म्हणजे फक्त भांडण, मारामारी, कोणीतरी कोणाला काहीतरी बोललं, असाच समज असतो. नियमांतली यादी एकदा वाचा प्लीज. प्रवेश गुणवत्तेप्रमाणे न देणं, माहितीपुस्तिकेत खोटी माहिती छापणं, ठरलेल्या फीपेक्षा जास्त पैसे मागणं, फी परत द्यायला टाळाटाळ, आरक्षणाचे नियम न पाळणं, परीक्षा किंवा निकाल वेळापत्रकाच्या पुढं ढकलणं, मूल्यमापनात पारदर्शकता नसणं, कबूल केलेल्या सोयी न देणं, एससी, एसटी, ओबीसी, महिला, अल्पसंख्याक आणि दिव्यांग विद्यार्थ्यांशी भेदभाव, हे सगळं त्यात आहे. ओरिजिनल कागदपत्रं अडकवून ठेवणं पण. त्यावर तर युजीसीनं २०१८ मध्ये वेगळं सांगितलेलं आहे की ओरिजिनल तपासून लगेच विद्यार्थ्याला परत करायची, तरीही आज 'आधी पूर्ण वर्षाची फी भरा मग दहावी-बारावीच्या मार्कशीट घ्या' हे ऐकणारी मुलं मला भेटतात. निकालाबद्दल तर आपल्या राज्याचा २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदाच आहे, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल, आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत. हे आकडे मुलांना पाठ असायला हवेत खरं तर.

आता समितीच्या सदस्यांशी थोडं बोलायचंय.

तुमची नावं शोधायला लागतात. नियम म्हणतो की समितीची आणि लोकपालांची माहिती वेबसाईटवर आणि माहितीपुस्तिकेत ठळकपणे दिली पाहिजे. बऱ्याच साईट्सवर ती कुठल्या तरी पीडीएफच्या आत असते आणि त्या पीडीएफमधले अध्यक्ष दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले असतात. सदस्यांची मुदत दोनच वर्षांची आहे, म्हणजे ती यादी बदलायलाच हवी. फोन उचलला जाईल असा नंबर, वाचला जाईल असा ईमेल, आणि परीक्षा विभागाच्या खिडकीशेजारी एक छापील कागद. मुलं नोटीस बोर्ड वाचत नाहीत असं म्हणतात पण परीक्षेच्या खिडकीवर रांगेत उभी असताना सगळं वाचतात.

दुसरं, सुनावणी. तारीख विद्यार्थ्याला कळवायची आहे आणि त्याला स्वतः येता येतं किंवा प्रतिनिधी पाठवता येतो. पण होतं काय, त्याला अचानक बोलावतात, समोर पाच प्राध्यापक, कधी कधी ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे ते सरच त्यात बसलेले. एकोणीस वर्षांचं पोर काय बोलणार तिथं? सरांशी रोज लेक्चरला भेट होणार, प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात. ज्यांच्याबद्दल तक्रार आहे त्यांनी त्या दिवशी समितीतून बाजूला व्हावं, हे सांगायला वेगळा नियम यायची वाट कशाला बघायची, साध्या न्यायाची गोष्ट आहे. कोरम, म्हणजे बैठकीला लागणारी किमान हजेरी, तीनचा आहे त्यामुळं एक जण उठून गेला तर काही अडत नाही.

आणि निर्णय लिहून द्या. कारणासकट. "सदर तक्रारीत तथ्य आढळले नाही" एवढ्या एका ओळीवर विद्यार्थी अपील कशावर करणार? काय कागद बघितले, कोणाला विचारलं, काय आढळलं, म्हणून काय ठरवलं, एवढं अर्ध्या पानात मावतं. तक्रार फेटाळली तरी चालेल, खरंच चालेल. ज्या मुलांना कारण समजावून 'नाही' सांगितलं गेलं ती शांतपणे परत गेलेली मी पाहिलीत. चिडून मोर्चे काढतात, सोशल मीडियावर व्हिडिओ टाकतात ती बहुतेक अशी असतात ज्यांना हो पण कळलेलं नसतं आणि नाही पण.

लोकपालांबद्दल. निवृत्त कुलगुरू किंवा निवृत्त प्रोफेसर किंवा माजी जिल्हा न्यायाधीश असे अनुभवी लोक या जागेवर आणायचे आहेत, तीन वर्षांसाठी, विद्यापीठाशी हितसंबंध नसलेले. त्यांच्या शिफारशी पाळायच्या आहेत आणि नाही पाळल्या तर ते युजीसीला कळवू शकतात. इतकी चांगली तरतूद. पण जून २०२४ मध्ये, म्हणजे नियम येऊन वर्ष उलटल्यावर, युजीसीला लोकपाल न नेमलेल्या विद्यापीठांची यादी जाहीर करावी लागली, देशभरात १५७ नावं होती त्यात, आणि त्यातली १०८ सरकारी. ज्यांनी नंतर नेमले त्यांना विचारते, तुमच्या किती विद्यार्थ्यांना माहितीये की असं कोणी आहे? लोकपालांकडे अपीलच येत नाहीत हे काही लोक अभिमानानं सांगतात. अपील यायला खालून लेखी निर्णय यावा लागतो आणि निर्णय यायला तक्रारीची नोंद व्हावी लागते. शून्य अपील म्हणजे मुलं समाधानी आहेत असं धरू नका, आधी आवक रजिस्टर उघडून बघा.

आता भीतीबद्दल, कारण खरं घोडं तिथं अडतं. पीएचडी करणाऱ्यांचं सांगते. गाईडची सही फेलोशिपच्या फॉर्मवर लागते, प्रोग्रेस रिपोर्टवर लागते, थिसिस सबमिट करायला लागते. अशा माणसाविरुद्ध तक्रार करायची म्हणजे चार-पाच वर्षांचं काम पणाला लावायचं. गाईड घरची कामं सांगतात, पेपरवर दुसऱ्याचं नाव घालायला लावतात, महिनोन्महिने ड्राफ्ट वाचत नाहीत, मुलं सगळं सहन करतात आणि शेवटी काही जण गुपचूप सोडून देतात. नोंद होते 'वैयक्तिक कारणास्तव'. तुम्हाला खरंच हे थांबवायचं असेल तर तक्रार आल्याच्या दिवसापासून त्या विद्यार्थ्याच्या सह्यांचं काम विभागप्रमुखांकडे किंवा दुसऱ्या कोणाकडे तात्पुरतं द्या, गाईड बदलायचा मार्ग मोकळा ठेवा आणि तक्रारीची बातमी स्टाफरूममध्ये पोचणार नाही याची जबाबदारी एका नावानिशी माणसावर टाका. इंटर्नल मार्कांचंही तसंच. तक्रार चालू असताना त्या विद्यार्थ्याचे पेपर, प्रॅक्टिकल दुसऱ्या परीक्षकानं तपासावेत. हे अवघड नाहीये, इच्छा पाहिजे.

काही प्राध्यापक म्हणतात की पोच द्यायला लागलो तर खोट्या तक्रारींचा पूर येईल, नापास झालेला प्रत्येक जण येईल. पण याचा विचार नियमांत केलेलाच आहे. खोटी किंवा उगाच केलेली तक्रार निघाली तर लोकपाल कारवाईची शिफारस करू शकतात. नुसतं मार्क वाढवून द्या, पेपर परत तपासा अशा अर्जात लोकपाल पडणार नाहीत, त्यासाठी निकालावर परिणाम करणारी नेमकी गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो. तेव्हा गाळणी पुढं आहे, ती दारातच लावू नका. आणि पहिल्या सेमिस्टरला दोनशे तक्रारी आल्याच तर त्यातल्या दीडशे एकाच गोष्टीच्या असतील, ती एक गोष्ट दुरुस्त केली की झालं, उलट तुमचंच काम कमी होईल.

एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. लैंगिक छळाची तक्रार या समितीकडे ढकलू नका, ती अंतर्गत तक्रार समितीकडेच गेली पाहिजे, तिचे स्वतःचे नियम, स्वतःची मुदत आहे. घटनेनंतर तीन महिन्यांत तक्रार द्यायची असते, आणि "आधी प्राचार्यांशी बोलून घे, मिटवून टाकू" यात ते तीन महिने निघून जातात. मुदत वाढवता येते पण ते एखाद्या घाबरलेल्या मुलीला कोण सांगणार? रॅगिंगचंही तेच, त्यासाठी अँटी रॅगिंग समिती आहे आणि १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाईन आहे. अर्ज चुकून तुमच्याकडे आला तर त्याच दिवशी योग्य समितीकडे पाठवा आणि अर्ज देणाऱ्याला तसं लेखी कळवा. 'हे आमच्याकडे येत नाही' म्हणून कागद परत हातात देणं हे सगळ्यात वाईट.

तर माझं मागणं तुमच्या हातातलं आहे. परिपत्रक काढा. सेमिस्टर संपलं की किती तक्रारी आल्या, कुठल्या विषयाच्या, किती मुदतीत सुटल्या, किती पडून आहेत, एवढं नावं न देता वेबसाईटवर टाका. या वर्षी जी नवीन बॅच येतेय तिच्या इंडक्शनमध्ये अर्धा तास समितीच्या अध्यक्षांनी स्वतः येऊन सांगावं की मी अमुक, माझी केबिन इथं, तक्रार अशी द्यायची, पोच मागून घ्यायची. मुलांना तो चेहरा ओळखीचा झाला तर वर्षभर त्यांना मधल्या माणसाची, संघटनेच्या कार्यकर्त्याची किंवा माझ्यासारख्या कोणाची गरज पडणार नाही.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी

ता. क. हे पत्र विद्यार्थी पण वाचतील म्हणून त्यांच्यासाठी थोडं. तोंडी सांगा पण लेखी पण द्याच. अर्ज एका पानाचा ठेवा, नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर), कोर्स, सेमिस्टर, काय झालं ते तारखांसकट, कोणत्या नियमाप्रमाणे हे चूक आहे ते माहीत असेल तर एक ओळ, आणि शेवटी तुम्हाला नेमकं काय हवंय ते. 'न्याय मिळावा' असं लिहू नका, 'अमुक विषयाचे इंटर्नल मार्क पोर्टलवर भरून सुधारित निकाल द्यावा' असं लिहा. ओरिजिनल कधी जोडू नका, झेरॉक्स जोडा. दोन कॉप्या न्या, एकीवर शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तिथं वाद घालत बसू नका, त्याच दिवशी तोच अर्ज कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर पाठवा आणि स्पीड पोस्टनं पण पाठवा, त्याची पावती जपून ठेवा, तीच तुमची तारीख. कॉलेजच्या पोर्टलवर टाकला तर स्क्रीनशॉट काढा. संस्था हलतच नसेल तर युजीसीचं ई-समाधान पोर्टल आहे, तिथं तक्रारीला नंबर मिळतो. आणि सरकारी विद्यापीठ किंवा अनुदानित कॉलेज असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येतं की माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिकाही त्याच कायद्यात बघायला मिळते, सुप्रीम कोर्टानं २०११ मध्येच तसं सांगितलंय. समितीचा निर्णय आला की पाकिटावरची किंवा मेलची तारीख लिहून ठेवा, अपीलाचे १५ दिवस तिथून मोजायचेत.